काही दुखत नसताना दवाखान्यात जायचं ते कसं : मराठवाड्यातल्या बायांसाठी तपासण्या आणि लसींची माहिती

"मला काय झालंय? चांगली धडधाकट हाय की." तपासणीचं नाव काढलं की दहातल्या आठ जणी हेच म्हणतात. आपल्याकडे बाई दवाखान्याची पायरी चढते ती बाळंतपणाला, कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनला, नाहीतर दुखणं अगदी उठू देईना तेव्हा. हा लेख त्याच्या आधीच्या वेळेसाठी आहे. जाऊ, नणंद, सासूबाई आणि मी स्वतः अशा सगळ्यांच्या तपासण्या कळंब, अंबाजोगाई, लातूर असं फिरत करून झाल्या. कोणत्या खिडकीवर जायचं, काय विचारायचं आणि कुठे "नको" म्हणायचं, हे तेव्हा कुणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर तपासणीने रोखता येतो, याचा जगातला एक मोठा पुरावा आपल्याच भागातला आहे. १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बाया त्यात होत्या. २००९ साली निकाल छापून आला. ज्या गावांत एचपीव्ही विषाणूची (हा कॅन्सर जवळजवळ नेहमी त्यानेच होतो) चाचणी आयुष्यात एकदाच झाली, तिथे बळावलेला कॅन्सर आणि त्याने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. (ज्या गावांत तपासणीच झाली नाही तिथल्या बायांचं काय, यावर नंतर वादही झाला, आणि तो रास्त होता.) जगभरचे डॉक्टर ज्या आकड्यांचा दाखला देतात ते आपल्या मावश्या-आत्यांचे आहेत. आणि तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९–२१ मध्ये देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायांपैकी जेमतेम २ टक्क्यांनी ही तपासणी कधी ना कधी केली होती.

मराठवाड्यात या तपासणीचा आणखी एक उपयोग आहे. कॅन्सरच्या नुसत्या भीतीपोटी चांगली पिशवी काढली जाते, ते थांबतं. त्याबद्दल सहाव्या पायरीत सविस्तर.

१. आधी वय बघा

सगळ्या तपासण्या सगळ्यांना नसतात. घरातल्या बायांची वयं कागदावर लिहा आणि पुढची यादी त्यांना लावून बघा.

- ९ ते १४ वर्षांच्या मुली : एचपीव्हीची लस. १० आणि १६ व्या वर्षी टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन. शाळेतून मिळणारी लोहाची निळी गोळी, आठवड्याला एक.
- लग्न ठरलेल्या किंवा मूल हवं असलेल्या : हिमोग्लोबिन, रुबेलाची लस, हिपॅटायटिस बीची लस.
- गरोदर : टीडी, हिमोग्लोबिन, शुगर, बीपी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसची तपासणी.
- ३० च्या पुढे : बीपी आणि शुगर दर वर्षी. तोंड, स्तन आणि पिशवीचं तोंड दर पाच वर्षांनी, ६५ पर्यंत.
- ६० च्या पुढे : वरच्यातलं लागू ते सगळं, शिवाय फ्लूची दरवर्षीची लस, न्यूमोनियाची लस आणि डोळे.

एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईने पिशवीच्या तोंडाची तपासणी २५ पासूनच आणि जास्त वेळा करायची असते. किती वेळा ते एआरटी केंद्रातले, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथले डॉक्टर सांगतात.

२. सुरुवात आशाताईपासून करा, पण तिथेच थांबू नका

आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात. त्यांच्या बोलण्यात तो "सीबॅक". वय, कंबर, तंबाखू, घरात कुणाला बीपी-शुगर, अंगावरून काही जातं का, छातीत गाठ आहे का असे प्रश्न त्यात असतात. गुण चारच्या वर गेले तर तुमची तपासणी आधी व्हायला हवी, असा त्याचा अर्थ.

इथला पहिला खड्डा हाच. फॉर्म भरला म्हणजे तपासणी झाली, असं पुष्कळ जणींना वाटतं. "झालं की माझं, ताई लिहून घेऊन गेल्या." लिहून घेणं वेगळं, तपासणं वेगळं. आशाताईला तिथल्या तिथे विचारा : "मला कोणत्या वारी, कुठे यायचं?"

पुढची वाट साधारण अशी :

उपकेंद्र, ज्याच्यावर आता आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी असते. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आणि नर्सबाई असतात. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, तोंड आणि स्तन इथे बघून होतं.

प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. पिशवीच्या तोंडाची तपासणी बहुतेक इथे होते. सगळ्या केंद्रांत रोज होत नाही. प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टर कोणत्या वारी असतात ते फोनवर विचारूनच निघा, नाहीतर एसटीचं भाडं आणि दिवसाची हजेरी दोन्ही जातील.

जिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय किंवा सरकारी मेडिकल कॉलेज. पहिल्या तपासणीत काही आढळलं तर इथे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी ही आपल्या भागातली जुनी मोठी ठिकाणं. कॅन्सरसाठी संभाजीनगरलाच सरकारी कर्करोग रुग्णालय आहे. धाराशिव आणि परांड्याकडच्या बायांना बार्शी जवळ पडते.

पैशाचं म्हणाल तर सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथे थोडे पैसे जवळ ठेवा.

३. पिशवीत काय घ्यायचं (हातातल्या)

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड. पुढे उपचार लागले तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी ही दोन्ही लागतात, म्हणून पहिल्यापासूनच सोबत.
- आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते, आणि आभाचा, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा १४ आकडी नंबर. नसला तरी तपासणी अडत नाही.
- जुने रिपोर्ट, सोनोग्राफीचे कागद, चालू गोळ्यांची पाकिटं. "पांढरी गोळी, छोटी" असं सांगून डॉक्टरला काही कळत नाही.
- शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली ते. पाळी गेली असेल तर किती वर्षं झाली.
- आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का.
- एक पॅड. तपासणीनंतर कधी कधी थोडा डाग लागतो.

साडी किंवा सैल परकर घालून जा. सलवार पूर्ण काढावी लागते, परकर नुसता वर सरकवला की भागतं, आणि त्याने निम्मी लाज कमी होते. सोबत एक बाई असू द्या, आणि लहान लेकरू असेल तर त्याला बाहेर घेऊन बसणारं कुणीतरी.

४. वेळ कोणती धरायची

पाळीच्या दिवसांत ही तपासणी होत नाही. पाळी थांबल्यावर पुढच्या आठवडाभरात गेलेलं बरं, स्तनाच्या तपासणीलाही तेच दिवस चांगले, कारण तेव्हा छाती हलकी असते. आदल्या दोन दिवसांत नवराबायकोचा संबंध नको, आत ठेवायच्या गोळ्या-मलम नको, आतून पाण्याने धुणंही नको. बाळंतपण झालं असेल तर साधारण तीन महिने जाऊ द्या. गरोदर असाल तर तसं आधी सांगा.

आता वर्षातली वेळ. ज्या घरातून कोयता जातो, म्हणजे नवराबायको ऊसतोडीला जातात, तिथे दसऱ्यानंतर बाई गावात नसते ती मार्च-एप्रिलपर्यंत. फडावर असताना कुणी मुद्दाम दवाखाना शोधत नाही, आणि एक दिवस खाडा झाला की मुकादम उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांतून कापतो. म्हणून पोळा ते दसरा हा काळ धरा. याच काळात सरकारी मोहिमाही होतात. २०२२ च्या नवरात्रात "माता सुरक्षित तर घर सुरक्षित" सुरू झालं होतं, २०२५ मध्ये १७ सप्टेंबरला "स्वस्थ नारी सशक्त परिवार". १७ सप्टेंबर म्हणजे आपला मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदनाला गावात सगळे असतातच. त्या दिवशी आशाताईला गाठा.

शिबिरात जाताना मात्र एक विचारून घ्या : काही निघालं तर पुढे कुणाकडे पाठवणार? ज्या शिबिराकडे याचं उत्तर नाही तिथे बीपी-शुगर मोजून घ्यावी, बाकीचं सरकारी दवाखान्यात.

५. पिशवीच्या तोंडाची तपासणी : आत नेमकं काय होतं

भीती सगळी याच खोलीची असते, म्हणून जरा सावकाश सांगते.

टेबलावर पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवून पाय बाजूला. सिस्टर स्पेक्युलम नावाचं यंत्र आत घालतात. त्याने वाट थोडी उघडी राहते आणि पिशवीचं तोंड दिसतं. अंग ताठ धरलं तर दुखतं, तोंडाने श्वास सोडत राहिलं तर फक्त दाब जाणवतो. यंत्र गार लागतं. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. पडदा लावा, दार लावा, पुरुष कर्मचारी असतील तर बाहेर थांबवा, हे सांगायचा हक्क आपल्याला आहे. बिनदिक्कत सांगा.

यात तीन प्रकार आहेत.

व्हीआयए. सरकारी दवाखान्यात बहुतेक हीच. व्हिनेगरसारखं पातळ अॅसिटिक अॅसिड कापसाने पिशवीच्या तोंडाला लावतात, मिनिटभर थांबतात आणि कुठे पांढरा चट्टा उमटतो का ते बघतात. किंचित चुरचुरतं. निकाल तिथल्या तिथे कळतो, हा तिचा मोठा फायदा, कारण दुसरी खेप पडत नाही. तोटा असा की बघणाऱ्याच्या नजरेवर बरंच अवलंबून असतं. शिवाय पाळी गेल्यावर बघायची जागा आत सरकते, त्यामुळे पन्नाशीच्या पुढे ही तितकी भरवशाची राहत नाही.

पॅप. ब्रशने तिथल्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. रिपोर्टला दिवस लागतात. दर तीन वर्षांनी करतात.

एचपीव्ही चाचणी. या कॅन्सरचं मूळ जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूत असतं, तोच आहे का ते ही चाचणी बघते. धाराशिवच्या अभ्यासात मृत्यू कमी झालेले स्पष्ट दिसले ते या चाचणीच्या गटात. जागतिक आरोग्य संघटना हिलाच पहिली पसंती देते : ३० पासून, दर पाच ते दहा वर्षांनी. परवडत असेल किंवा मेडिकल कॉलेजात मिळत असेल तर हीच घ्या. नसेल मिळत तर व्हीआयए सोडू नका. चांगल्या तपासणीची वाट बघत एकही न करणं हा सगळ्यात वाईट सौदा.

इथे होणारे घोळ :

सोनोग्राफीला कॅन्सरची तपासणी समजणं. पोटावरून फिरवलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयातल्या गाठी, अंडाशय दिसतं. तोंडावरचा सुरुवातीचा बदल त्यात दिसत नाही. "सोनोग्राफी नॉर्मल आलीय" म्हणून वरच्या तीनपैकी एक टाळू नका.

पिशवी काढलीय म्हणून न जाणं. कॅन्सर नसताना पूर्ण पिशवी तोंडासकट काढली असेल तर ही तपासणी लागत नाही. पण काही ऑपरेशनांत तोंड तसंच ठेवतात. डिस्चार्ज कार्ड दाखवून विचारा. आणि पिशवी नसली तरी स्तन, तोंड, बीपी, शुगर राहतातच.

"पोरं झाली, आता कशाला." विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. लग्न अठराव्या वर्षी झालेल्या बाईला चाळिशीच्या आसपास त्याची खबर लागते. तीस ते पन्नास हेच तपासणीचं खरं वय.

आणि लक्षणं असतील तर शिबिराची वाट बघायची नाही. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एकदा जरी डाग, घाण वासाचं पाणी जाणं : यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.

६. निकाल "पॉझिटिव्ह" आला तर, आणि पिशवी काढायला सांगितलं तर

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. हे वाक्य घरातल्या सगळ्यांना ऐकवा, नवऱ्याला आधी. व्हीआयएत चट्टा साध्या सुजेनेही उमटतो. एचपीव्हीची लागण बहुतेक जणींच्या अंगातून एक-दोन वर्षांत आपोआप जाते. पॉझिटिव्हचा अर्थ एवढाच की जवळून बघायला हवं.

जवळून बघणं म्हणजे कॉल्पोस्कोपी, भिंगातून तपासणी. गरज वाटली तर तिळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात, तो बायोप्सी. कॅन्सरपूर्व बदल निघाला तर ती जागा गरम किंवा अतिथंड यंत्राने जाळून टाकतात. काही मिनिटांचं काम, बहुधा त्याच दिवशी घरी. महिनाभर संबंध टाळायचा, काही आठवडे पाण्यासारखं जातं. पिशवी जागेवर राहते, पुढे मूल होऊ शकतं.

आता मराठवाड्याचा प्रश्न. बाई जाते अंगावरून पांढरं जातंय म्हणून, किंवा कंबर धरतेय म्हणून. सोनोग्राफी होते. "पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." माझ्या जावेला एका खासगी दवाखान्यात पहिल्याच भेटीत हे ऐकवलं, आत कुणी बघितलंही नव्हतं. मेडिकल कॉलेजात नेलं, तपासणी झाली, जंतुसंसर्ग निघाला, गोळ्यांनी गेला. ती अजून पिशवीसकट शेतात राबते आहे.

सगळ्या जणी अशा वाचत नाहीत. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर समिती बसली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळीचे दिवस फडावर परवडत नाहीत, हेही त्यामागचं एक कारण होतं. तेव्हापासून बीडमध्ये खासगी दवाखान्याने पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची असते. तुमच्यावर अशी वेळ आली तर ती परवानगी घेतली का, हे विचाराच.

पिशवी काढणं कधी कधी खरंच लागतं : कॅन्सर, मोठ्या गाठी, औषधाने न थांबणारा रक्तस्राव, अंग फार बाहेर येणं. म्हणून डॉक्टरशी भांडायचं नाही, विचारायचं :

- आजाराचं नाव काय? चिठ्ठीवर लिहून द्या.
- पॅप, एचपीव्ही किंवा कॉल्पोस्कोपी झाली का? बायोप्सीत काय निघालं?
- औषधाने बरं होण्याचा प्रयत्न झाला का, किती दिवस?
- अंडाशय ठेवणार की काढणार? चाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं काढली तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम येतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो.
- पंधरा दिवस थांबलं तर काय बिघडेल?

शेवटच्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं नाही तर कागद गोळा करा आणि सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग ओपीडीत दुसरं मत घ्या. कॅन्सर सापडलाच तर महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८, आणि प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, भरती होण्याआधी त्याला भेटायचं.

७. छाती आणि तोंड

स्तनाची तपासणी नर्सबाई किंवा डॉक्टर हाताने करतात, दोन्ही बाजू आणि काखा. मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाखांवर बायांमध्ये वीस वर्षं अभ्यास केला, २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं, तरी पन्नाशीच्या पुढच्या बायांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. म्हणजे मॅमोग्राफी (छातीचा खास एक्स-रे) मिळत नाही म्हणून हात चोळत बसायचं कारण नाही. आई किंवा बहिणीला झाला असेल तर मात्र डॉक्टरला मॅमोग्राफीचं विचारा.

घरी आंघोळीच्या वेळी महिन्यातून एकदा स्वतःही बघा. न दुखणारी गाठ, कातडीला खळी, बोंडी आत ओढली जाणं, बोंडीतून रक्तासारखं येणं, काखेत गाठ. "दुखत नाही म्हणजे साधी असेल" हा समज उलटा आहे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

तोंडाचं मी मुद्दाम सांगते, कारण बायांना वाटतं तोंडाचा कॅन्सर गुटखा खाणाऱ्या गड्यांना होतो. आणि स्वतः सकाळ-संध्याकाळ मिसरी लावत असतात. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. घासण्याचं निमित्त, मागे तलफ. आरशासमोर उजेडात तोंड उघडा : पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेला फोड, आणि आपलीच तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तर तालुक्याच्या दंतवैद्याकडे जा. विचारलं तर मिसरीचं खरं सांगा, तिथे कुणी रागावत नाही.

८. रक्त, बीपी, शुगर

हे सगळ्यात सोपं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे कमी, गरोदर असताना ११ च्या खाली. ७ च्या खाली गेलं तर गोळ्यांवर भागवायचं नाही, थेट दवाखाना. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर वाया जाते. जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्यासोबत घ्या. शौच काळी होते, घाबरू नका. मळमळ झाली म्हणून बंद करू नका, रात्री घेऊन बघा.

बीपी १४०/९० किंवा वर दोन वेगळ्या दिवशी आलं, उपाशीपोटी शुगर १२६ किंवा वर आली, तर डॉक्टर. गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. फडावर जाताना महिना-दोन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्या आणि संपल्या की तिथल्या जवळच्या प्राथमिक केंद्रात चिठ्ठी दाखवा.

९. लसी

एचपीव्ही. मुलीला ९ ते १४ या वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. १५ ते २६ मध्ये सुरू केली तर तीन. एकच डोसही पुरेसं संरक्षण देऊ शकतो असं जागतिक आरोग्य संघटनेने २० वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी २०२२ मध्ये सांगितलं, त्यामुळे सरकारी केंद्रात एकच दिला तरी मुलीचं अर्धवट राहिलं असं समजू नका. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक २०२३ पासून बाजारात आहे, एका डोसला दोन हजारांच्या आसपास. विकत घेण्याआधी आरोग्य केंद्रात मोफत मिळते का ते विचारा. कोयत्यावर जाणाऱ्या घरांना या लसीचं गणित छान जुळतं : पहिला डोस दसऱ्याआधी, दुसरा एप्रिलमध्ये परत आल्यावर. अंतर आपोआप सहा महिन्यांचं पडतं.

लस दिली की पोरीला मूल होणार नाही, ही अफवा गावोगाव आहे. ती खोटी आहे. आणि लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागतेच, कारण लस सगळ्या जातींच्या विषाणूंवर चालत नाही.

टीडी. जुनं टीटीचं इंजेक्शन, आता त्यात घटसर्पाचीही लस असते. गरोदरपण कळताच पहिलं, चार आठवड्यांनी दुसरं. मागच्या बाळंतपणात दोन्ही घेतली असून तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले तर एकच बूस्टर.

रुबेला. गरोदरपणात ही लागण झाली तर बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर परिणाम होतो. २०१८ च्या नोव्हेंबरात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली, तेव्हा १५ वर्षांच्या आत असलेल्या बहुतेक मुलींना मिळालेली असेल. नसेल तर लग्नाआधी घ्या. घेतल्यावर एक महिना दिवस राहू देऊ नका, आणि गरोदर असताना ती घ्यायचीच नाही.

हिपॅटायटिस बी. मोठ्या माणसाला तीन डोस : आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला. आई पॉझिटिव्ह असेल तर तो डोस चुकवून चालतच नाही, म्हणून बाळंतपण दवाखान्यातच.

फ्लू. गरोदर बाई, दमा-शुगरवाल्या आणि वयस्कर बायांनी दर वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर.

गरोदर असताना स्थलांतर होणार असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड सोबत हवंच. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, कुठेही ते दाखवून पुढचं इंजेक्शन आणि तपासणी मिळते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायांची डॉक्टरकडून मोफत तपासणी होते, ती तारीख मुकादमाला आधीच सांगून ठेवा.

१०. कागद सांभाळा

"नॉर्मल आहे, जा" एवढ्यावर उठू नका. कोणती तपासणी झाली, काय निघालं, पुन्हा कधी यायचं, हे तिन्ही केसपेपरवर लिहून घ्या आणि खाली तारीख आहे का बघा. फोनमध्ये फोटो काढाच, पण फोन बहुधा नवऱ्याचा असतो आणि दर वर्षी बदलतो. म्हणून एक वही करा, बाईच्या नावाची. तपासण्या एका पानावर, लसी दुसऱ्या, पाळीच्या तारखा मागून. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशन कार्डासोबत ठेवा. रेशन कार्ड घरातलं कुणीच हरवत नाही.

काही अडलं तर आरोग्य सल्ल्यासाठी १०४, गरोदर बाईला आणायला-न्यायला १०२, आणि तातडीला १०८. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, शाळेतल्या पोरीला वाचता येतील असे.